शिपायाचे चिलखत आणि शेतकऱ्याचे घर



सतराव्या शतकात युरोपातील चित्रकार तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देत, त्यावर सुईने चित्र कोरीत व पत्रा तेजाबात बुडवीत. जेथे मेण निघाले असेल तेथेच तेजाब तांबे खाई. त्या रेषांत शाई भरून कागदावर अनेक ठसे काढता येत. तैलचित्र सरदाराच्या महालात राही. ठसा मात्र बाजारात विकला जाई. म्हणूनच त्यातील शिपायाचा वेष हा समाजाच्याही विचाराचा विषय ठरतो.

त्या काळी प्राचीन रोमन सेनानीचा वेष हे राजवैभवाचे चिन्ह होते. फ्रान्सचा चौदावा लुई १६६२ साली पॅरिसमधील एका भव्य सोहळ्यात रोमन सम्राटाच्या वेषात मिरवला. परंतु इटालियन चित्रकार साल्व्हातोर रोझा (१६१५–१६७३) याने १६५६-५७ च्या सुमारास जी साठाहून अधिक लहान अम्लरेखने केली, त्यांत प्राचीन धाटणीचे चिलखत अंगावर आहे ते अनामिक शिपायांच्या. रणांगणावर बंदुका व तोफा गाजत असताना हे शिपाई लढत नाहीत. कोणी काठीवर रेलला आहे, कोणी कुजबुजतो आहे, कोणी नुसताच बसला आहे. त्यांचा राजा कोण व शत्रू कोण, हे चित्र सांगत नाही. वेष वीराचा, स्थिती मात्र ताटकळणाऱ्या माणसाची; वैभवाचा बुरखा येथे आपोआप विरतो.

तरीही या शिपायांमुळे कोणाचे घर जळाले, हे रोझाच्या चित्रांत दिसत नाही. ते दाखविले नान्सीच्या झाक कालोने. तीस वर्षांचे युद्ध (१६१८–१६४८) चालू असता, १६३३ साली, त्याची युद्धाच्या आपत्तींवरील १८ चित्रांची माला प्रसिद्ध झाली. तिच्यातील शिपाई त्याच्याच काळच्या वेषात आहेत. प्रथम भरती, मग शेतकऱ्याच्या घराची लूट, लुटारूंना झाडावर सामुदायिक फाशी, वाटेवर भीक मागणारे पंगू शिपाई, शेतकऱ्यांनी घेतलेला सूड आणि अखेरीस राजाच्या हातून बक्षिसे, असा तिचा क्रम आहे. पराक्रमाची किंमत शिपाई व शेतकरी दोघेही मोजतात, हे त्यातून उघड होते.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच की, वीराचे चित्र दाखविताना मुलांना तीन प्रश्न विचारावेत : हा वेष कोणत्या काळचा? हे हात काय करीत आहेत? आणि चित्राबाहेर कोण राहिले? पाहण्याची ही सवय जडली, तर उद्याचा नागरिक केवळ चिलखताच्या झळाळीने दिपून जाणार नाही.