आपल्या भाषेतला धीर

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीत या मुलांनी उपासमार सोसली होती, कित्येकांचे आईवडील गेले होते. छावणीत पोलिश भाषेतल्या शाळा निघाल्या, चर्च उभं राहिलं, स्काउट पथकं आणि नाटकं सुरू झाली. आपली भाषा, आपले सण, ठरलेला दिनक्रम. खचलेल्या मुलांना यानेच उभारी दिली असणार, असं मला मनापासून वाटतं.

असाच धीर आपल्या मुलांनाही हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरामुळे आपल्या माढा-मोहोळकडच्या कितीतरी कुटुंबांना घर सोडावं लागलं. अशा घरातलं लेकरू रात्री दचकून उठत असेल, पाऊस लागला की आईला बिलगत असेल, तर ‘विसरून जा’ म्हणू नका. जवळ बसा, त्याला बोलू द्या, त्याची शाळा आणि खेळ लवकर सुरू करा. तरीही त्रास थांबला नाही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही फोन करा. तिथे मराठी, कन्नड, तेलुगू या तिन्ही भाषांत बोलता येतं. घरात जी बोलता, तीच निवडा.