साथ, नोकरी आणि शिकवणी
(मंडळाच्या संगीत वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमातील भाषण)



संगीत वर्गाच्या वतीने आम्ही चार शब्द बोलणार आहोत. व्हायोलिनला मुलाचं नाव घालताना पालक हमखास विचारतात, "हा स्टेजवर कधी वाजवेल?" मूल आठवी-नववीत गेलं की दुसरा प्रश्न येतो, "यावर पोट भरेल का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरासाठी आम्ही पंडित वि. गो. जोग यांच्याकडे बोट दाखवतो.

जोगसाहेब १९२२ साली वाईला जन्मले. भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौला जे संगीत महाविद्यालय उभं राहिलं, तिथे त्यांनी शिकवलं. श्रीकृष्ण रातंजनकर आणि बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची तालीम त्यांना लाभली. पुढे आकाशवाणीची नोकरी केली, कोलकात्यात स्थायिक झाले आणि २००४ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर रुजलेले!

बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबरची त्यांची जुगलबंदी सर्वांना ठाऊक आहे. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पण या कीर्तीच्या जोडीला आयुष्यभर तीन कामं होती: मोठमोठ्या गवयांची साथ, नोकरी आणि शिकवणी. बहुतेक व्हायोलिनवादकांचा संसार याच तीन खांबांवर उभा असतो. एकल वादनाच्या मैफली हा त्यावरचा कळस.

यातलं कुठलंच काम दुय्यम नाही. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर ढळला. आपल्या पद्धतीत मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवून बसतात, कारण मींड घ्यायला डावा हात मोकळा लागतो. मोकळ्या तारेवर गज सरळ आणि एकसारखा फिरायलाच कित्येक महिने जातात. साथीला बसल्यावर तर गवई पुढे काय घेणार हे आधी ठाऊक नसतं. ऐकता ऐकता उमटवायचं, आणि कुठे गज उचलून गप्प राहायचं हेही ओळखायचं. हे पुस्तकातून येत नाही, गुरूसमोर बसूनच येतं.

आज आपल्या वर्गात व्हायोलिनला सात मुलं आहेत. दहावी आली की त्यातली निम्मी गळतात. ती टिकली नाहीत तर उद्या आपल्याच उत्सवात भजनाला नि नाट्यगीताला साथीदार बाहेरून आणावा लागेल, आणि शिकवणारे गुरुजीही दुसरीकडे जातील. म्हणून तीन विनंत्या करतो.

दहावीच्या वर्षी वर्ग बंद करू नका. आठवड्यातून एकच दिवस पाठवा, पण पाठवा. गुरुजींची फी दूधवाल्याच्या बिलासारखी महिन्याच्या महिन्याला द्या. सुट्टीचे दिवस कापू नका. आणि कार्यक्रमपत्रिकेत साथीदाराचं नाव गायकाइतक्याच ठळक अक्षरांत छापा.

तुमचं मूल जोगसाहेब होईल असं वचन आम्ही देत नाही. पण ते नेमाने बसलं, तर सुरात साथ करणारा एक माणूस या गावाला नक्की मिळेल.

गणपती बाप्पा मोरया!