धुळीआडचे शेजारी



दिवाळी सरली, आभाळ निवळलं, की कोकणात आकाशदर्शनाचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमारास, गावातल्या दिव्यांपासून लांब, उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर पाच तारे ‘एम’ अक्षरासारखे मांडलेले दिसतील. ती शर्मिष्ठा. तिच्या वरच्या अंगाला देवयानी, आणि देवयानीतला फिकट ठिपका म्हणजे 25 लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका. काळोख चांगला असेल तर ती नुसत्या डोळ्यांनी दिसते.

शर्मिष्ठेच्या उजव्या टोकापलीकडे आणखी एक मोठी दीर्घिका आहे, कोटभर प्रकाशवर्षांच्या आसपास. ती मात्र दिसत नाही. मध्ये धूळ आहे.

ही धूळ आपल्याच आकाशगंगेची. काजळी आणि वाळू यांच्या जातीचे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक कण. आपण राहतो आकाशगंगेच्या चकतीत, धूळही तिथलीच. त्यामुळे आकाशाचा सुमारे पाचवा हिस्सा दीर्घिकांच्या नकाशावर कित्येक वर्षं जवळपास कोरा होता. 1967 साली इटलीच्या पाओलो माफेई यांना अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फोटोच्या काचांवर शर्मिष्ठेजवळ दोन अंधूक डाग सापडले. त्यातला एक म्हणजे ही दीर्घिका, माफेई 1. धुळीने तिचा उजेड जवळजवळ शंभरपट घटवला आहे. धूळ नसती तर उत्तरेकडच्या ठळक दीर्घिकांत ती मोडली असती, आणि आपल्या पुराणिकांनी तिलाही ययातीच्या गोष्टीत कुठेतरी बसवलं असतं!

अवरक्त प्रकाश धुळीतून निसटला, कारण प्रकाशाची लहर जितकी लांब, तितकी ती धुळीला कमी जुमानते. हायड्रोजन वायूची रेडिओलहर 21 सेंटीमीटर लांब. तिला ही धूळ असून नसल्यासारखी. श्रावणातल्या ढगांतून आकाशवाणी तुमच्या घरात पोचते, तीही लांब लहरींवरच. 1994 मध्ये नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या 25 मीटर दुर्बिणीने याच लहरीवर शर्मिष्ठेच्या दिशेला आणखी एक सर्पिल दीर्घिका शोधली. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या 2016 च्या यादीत तर अशा 883 दीर्घिका आहेत. त्यातला तिसरा हिस्सा आधी कुणी पाहिलाच नव्हता.

हा खटाटोप कशाला? आपली आकाशगंगा शेजाऱ्यांसकट सेकंदाला सुमारे 600 किलोमीटर वेगाने चालली आहे. तिला ओढणाऱ्या वस्तुमानाचा बराच भाग धुळीच्या पट्ट्याआड, दक्षिणेला आहे. रत्नागिरीहून ती जागा मे अखेरीस मध्यरात्री दक्षिण क्षितिजावर जेमतेम 12 अंश वर येते. म्हणजे धूळ पुढे, आणि वळवाचे ढग तिच्याही पुढे!

21 सेंटीमीटरची लहर ऐकणारं यंत्र आपल्या महाराष्ट्रात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. तारांच्या दोरांवर ताणलेली पोलादी जाळी आहे, भोकं एक-दोन सेंटीमीटरची. वारा आरपार जातो, 21 सेंटीमीटरची लहर मात्र परतते. वजन आणि खर्च, दोन्ही वाचले. हे डोकं मला दुर्बिणीइतकंच थोर वाटतं.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. रत्नागिरीच्या शाळांनी यंदाची सहल तिकडे न्यावी.