तोंडओळखीचं बळ

नोकरी शोधताना आपण आधी फोन कोणाला करतो? जिवलग मित्राला, नाहीतर मामाला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्यांची पाहणी केली आणि १९७३ साली निष्कर्ष छापले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून, नाहीतर क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे: रोजच्या माणसांना बहुधा तेवढंच ठाऊक असतं, जेवढं आपल्याला.

म्हणून जुने सहकारी, कॉलेजातले वर्गमित्र यांना अधूनमधून निरोप धाडा. सणांचे फॉरवर्ड मात्र नकोत. ते कोण उघडतं? काम असेल तर नेमकं विचारा. ‘कुठे काही असेल तर बघा’ म्हटल्यावर समोरचा ‘बघतो’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. ‘तुमच्याकडे अकाउंट्सला टॅली लागतं की एसएपी?’ याचं उत्तर मात्र तो चहा पितापिता देऊ शकतो. ते मिळालं की आभार माना. आणि पुढे मुलाखतीचं काय झालं तेही कळवा, नोकरी मिळाली नसली तरी.