तुरट: एक जुनं नासपतीचं झाड आणि माझी बिघडलेली बरणी

‘सायडर’ म्हटलं की तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर व्हिनेगरची बाटली येणार, मला माहितीये. सकाळी उठून कोमट पाण्यात एक चमचा, वजन कमी वगैरे. आज मी त्या बाटलीबद्दल बोलणार नाहीये. म्हणजे शेवटी व्हिनेगर येणारच आहे या गोष्टीत, पण ते माझ्या चुकीमुळे.

मी मूळची सावंतवाडीकडची. नर्स आहे आणि गेली सहा वर्षं इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरला राहते. एक गोष्ट आधीच सांगते. मी तुम्हाला दारू प्या म्हणून सांगायला आलेले नाही. ज्यांना प्यायची नाही त्यांनीही ऐका, कारण ही गोष्ट जास्त करून झाडाची आहे.

तर सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय. तेच नासपतीच्या रसाचं केलं की त्याला पेरी म्हणतात. ग्लॉस्टरशायर, हेरफर्डशायर आणि वुस्टरशायर हे तीन जिल्हे म्हणजे पेरीचं माहेर. इथे मे हिल नावाची एक टेकडी आहे. ती टेकडी जिथून दिसते तिथलीच पेरी चांगली, असं इथली जुनी माणसं म्हणतात.

माझ्या घरामागे एक छोटं शेत आहे. त्याचे मालक ऐंशीच्या घरातले. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारते, पण मनातल्या मनात आजोबाच म्हणते, म्हणून इथेही आजोबाच म्हणू. त्यांच्या शेतात नासपतीचं एक प्रचंड झाड होतं. आपल्याकडच्या जुन्या रायवळ आंब्याएवढं उंच. त्यांच्या आजोबांच्या लहानपणीही ते म्हातारंच होतं म्हणे. पेरीची झाडं दोनशे-तीनशे वर्षं सहज जगतात.

पहिल्या ऑक्टोबरमध्ये खाली पडलेलं एक फळ मी उचललं आणि चावलं. अरे देवा! तोंड असं आवळलं की जीभ टाळ्याला चिकटली. आजोबा कुंपणापलीकडून बघत होते आणि हसत होते. त्यांनी विचारलं, कसं लागलं? आणि माझ्या तोंडून मराठीच निघालं, “तुरट!”

मग त्यांना तो शब्द समजावून सांगितला. आंबट नाही, कडू नाही, तिसरंच काहीतरी. इंग्रजीत याला शब्द आहे, पण तो पुस्तकी. घरातलं लहान मूल तो वापरत नाही. आपल्याकडे पाच वर्षांचं पोरही आवळा खाऊन सांगतं, तुरट आहे म्हणून. मी तर काजूचं बोंडू खात वाढलेली. आजी बोंडवाच्या फोडींना मीठ लावून ठेवायची, घशाला कमी लागावं म्हणून. आजोबांनी तो शब्द चार-पाच वेळा म्हणून बघितला. त्यांना ‘ट’ काही जमला नाही. पण म्हणाले, पेरी करायला लागतं ते हेच.

आता हे का लागतं ते बघा. आपण बाजारातून आणतो ती सफरचंदं खाण्यासाठी वाढवलेली असतात. गोड, थोडी आंबट, बस्स. त्यांचं सायडर होतं, पण पाणचट होतं. सायडरची खास सफरचंदं वेगळी. ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन इथे 1903 मध्ये सायडरवर संशोधन करणारी एक संस्था सुरू झाली. तिथल्या प्रोफेसर बार्कर यांनी या सफरचंदांचे चार गट पाडले: गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट. मोजायच्या गोष्टी दोनच. रसात आम्ल किती आणि टॅनिन किती. टॅनिन म्हणजे तोच आपला तुरटपणा, तोच कोऱ्या चहातला. डॅबिनेट नावाचं सफरचंद कडू-गोड आहे, किंग्स्टन ब्लॅक कडू-आंबट आहे. बहुतेक सायडर तीन-चार जातींचे रस एकत्र करून बनतं. मसाल्याचं प्रमाण जमवतो ना आपण, तसंच.

नासपतींची नावं तर ऐकाच. ब्लेकनी रेड, थॉर्न, बार्लंड, हेंड्री हफकॅप. एक मूरक्रॉफ्ट नावाची जात आहे, तिला लोक ‘स्टिंकिंग बिशप’ म्हणतात, म्हणजे घाणेरड्या वासाचा बिशप. त्याच नावाचं एक चीजही आहे, कारण ते चीज या नासपतीच्या पेरीने धुतात.

आजोबांच्या झाडाला मात्र नाव नव्हतं. जाणकार येऊन बघून गेले, कोणाला ओळखता आलं नाही. यातली गोम कोकणातल्या लोकांना लगेच कळेल. हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही, त्यासाठी कलम लागतं. कोय लावून उगवतो तो रायवळ, प्रत्येक झाडाची चव वेगळी. सफरचंद आणि नासपतीचंही अगदी तेच. बी लावलं की नवीनच काहीतरी उगवतं. म्हणून बिनओळखीचं झाड मेलं आणि त्याचं कलम कुठेच नसलं, तर ती चव कायमची संपली.

तिसऱ्या वर्षी आजोबा म्हणाले, या वेळी तूच कर. त्यांनी मला वीस किलो फळं दिली.

पहिली अडचण वेळेची. नासपती आतून पिकत येते. वरून कडक दिसते आणि आत गाभा सडायला लागलेला असतो. काही जाती पडल्यावर दोन-तीन दिवसांत दळाव्या लागतात, काही महिनाभर थांबतात. आम्ही रोज एक फळ कापून बघायचो. मग दळणं. हाताने फिरवायच्या यंत्रात फळांचा लगदा केला आणि तो रात्रभर तसाच झाकून ठेवला. सफरचंद दळून लगेच पिळलं तरी चालतं, पण तुरट नासपतीचा लगदा ठेवला की त्यातलं थोडं टॅनिन कमी होतं. दुसऱ्या दिवशी लगदा कापडात गुंडाळून त्या गुंडाळ्या एकावर एक रचल्या. त्या रचलेल्या ढिगाला इथे ‘चीज’च म्हणतात. वरून स्क्रूचा प्रेस फिरवला आणि रस वाहायला लागला. वीस किलोंतून जेमतेम दहा लिटर. साडेचार लिटरच्या काचेच्या दोन बरण्या भरल्या आणि उरलेला तिथेच पिऊन टाकला.

यीस्ट आम्ही घातलं नाही. फळाच्या सालीवर आणि त्या जुन्या प्रेसवर जे असतं तेवढ्यावरच सोडलं. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी रसात तरंगवून साखर मोजतात. आमचा आकडा आला 1.060. बरणीच्या तोंडाला एअरलॉक लावला. ही पाणी भरलेली छोटी वाकडी नळी असते. आतला वायू बुडबुड्यांतून बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. थंड शेडमध्ये हे काम हळूहळू चालतं, दोन-तीन महिने सहज. आजोबांनी दोनच गोष्टी बजावल्या. बरणी गळ्यापर्यंत भरलेली ठेव आणि नळीतलं पाणी आटू देऊ नको.

डिसेंबरमध्ये मी तीन आठवडे गावी आले. लग्न होतं घरात. जाताना एका बरणीतली पातळी खाली गेलेली दिसली होती. मी म्हटलं, आल्यावर बघू.

आले तेव्हा त्या बरणीची नळी कोरडी पडली होती. झाकण काढलं आणि नेलपॉलिशसारखा वास आला, मागोमाग व्हिनेगरचा. होतं असं की आंबणं मंदावलं की वायूचं पांघरूण जातं. हवा आत शिरली की ॲसिटिक ॲसिड करणारे जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. ते परत फिरवता येत नाही. दुसरी बरणी सुदैवाने ठीक होती.

मी आजोबांना सांगितलं नाही. रोज ठरवायचे, आज सांगू, आणि रोज नाईट शिफ्टचं कारण पुढे करायचे. हजारो मैलांवर येऊन एका म्हाताऱ्या माणसाने विश्वासाने दिलेली वस्तू आपण आळसाने घालवली, हे बोलायची लाज वाटत होती.

आणि फेब्रुवारीत वादळ झालं. सकाळी खिडकीतून बघते तर झाड आडवं. मुळासकट.

मी तशीच चपलांवर धावत गेले. आजोबा खोडाशेजारी उभे होते. मी काही विचार न करता सगळं बोलून टाकलं. एक बरणी वाया गेली, माझ्यामुळे गेली, आणि आता या झाडाचं दुसरं काहीच नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. रागावलेही होते, मला दिसत होतं. मग म्हणाले, रडणं नंतर, आधी चाकू घेऊन ये.

कलमाच्या काड्या झाड झोपेत असताना, म्हणजे कळ्या फुगायच्या आधी घ्यायच्या असतात. आमच्या हातात फार तर दोन-तीन आठवडे होते. पडलेल्या झाडाच्या फांद्या अजून जिवंत होत्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, मागच्या वर्षीच वाढलेल्या काड्या आम्ही कापल्या. म्हाताऱ्या झाडावर अशा काड्या फार नसतात, शेंड्याकडे शोधाव्या लागल्या. ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या माझ्या फ्रिजमध्ये ठेवल्या, कोथिंबिरीशेजारी. मार्चच्या शेवटी नासपतीच्या रोपांवर कलमं बांधली. तिरका काप, सालीला साल जुळवायची, घट्ट पट्टी. सहा बांधली. मे महिन्यात चार फुटली.

नासपती लावायची ती वारसांसाठी, अशी इथे म्हण आहे. अशा रोपावरचं पेरीचं झाड चांगलं फळायला पंधरा-वीस वर्षं घेऊ शकतं. आजोबांना हे माहिती होतंच. चारातलं एक त्यांनी जुन्या खड्ड्यापासून थोडं लांब लावलं आणि एक मला दिलं. दोन वेगवेगळ्या शेतांवर गेली, म्हणजे पुढचं वादळ आलं तरी सगळी एकदम जाणार नाहीत.

उरलेल्या बरणीतून पाच बाटल्या भरल्या. पहिली आम्ही त्या सप्टेंबरमध्ये उघडली. कशी चाखायची तेही सांगते, कारण हे लिंबू सरबताला, कोकमालाही चालतं. बर्फासारखं गार नको, चवच कळत नाही. आधी वास घ्यायचा. मग छोटा घोट तोंडात फिरवायचा. जबड्याच्या कडांना पाणी सुटलं तर ते आम्ल. हिरड्या आणि गाल कोरडे पडले तर ते टॅनिन. गिळल्यावर काय उरतं तेही बघायचं. आमच्या पेरीत शेवटी थोडा गोडवा होता. नासपतीत सॉर्बिटॉल असतं, यीस्टला ते खाता येत नाही, म्हणून तो गोडवा राहतो. जास्त प्यायलं तर पोट साफ होतं, ते त्याच्याचमुळे. आजोबांनी घोट घेतला, थांबले आणि म्हणाले, “तुरत.” ‘ट’ अजूनही जमलेला नाही.

बिघडलेली बरणी? ती मी टाकली नाही. पूर्ण व्हिनेगर होऊ दिलं आणि त्यात मिरच्या घातल्या. बरणीवर तारीख लिहिली आहे आणि ती शेल्फवर दिसेल अशी ठेवली आहे. गावी जाताना आता शेजारणीला नळी बघायला सांगून जाते.

तुमच्यासाठी एकच काम. तुमच्या घराच्या, आजोळच्या आवारात एखादं रायवळ आंब्याचं, जांभळाचं, फणसाचं जुनं झाड असेल, ज्याच्यासारखी चव दुसरीकडे नाही असं घरातले म्हणतात. या सुट्टीत गेलात की विचारा, याचं कलम कोणी केलंय का? नसेल तर माहितगार माणूस गाठा. झाड उभं असतानाच. मला पडल्यावर सुचलं आणि थोडक्यात वाचले.

चला, माझी शिफ्ट सुरू व्हायची वेळ झाली. तुमच्या झाडाचं नाव कमेंटमध्ये लिहा, नाव नसेल तर निदान चव लिहा.