रणगाड्यांच्या सावलीत अलिप्ततावाद
(भिंगार येथे दिलेल्या व्याख्यानातून)



येथून जवळच्याच भुईकोट किल्ल्यात १९४४ साली बंदिवान नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ लिहिला. पुढे १९६१ च्या सप्टेंबरात बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, तिच्या अग्रणींत ते होते. तेरा महिन्यांतच चीनचे आक्रमण झाले आणि त्याच नेहरूंना केनेडींकडे लढाऊ विमाने मागावी लागली. बेलग्रेडच्या मित्रांपैकी बहुतेकांनी मौन पाळले. हेतू चुकीचा नव्हता, बळ नव्हते.

भिंगारकरांना हा इतिहास ग्रंथांत शोधण्याचे कारण नाही. आपल्या रणगाडा संग्रहालयात ब्रिटिश सेंच्युरियन उभा आहे, अमेरिकेने पाकिस्तानला पुरविलेला पॅटनही आहे. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोघांचाही शस्त्रपुरवठा रोखला, आपण मॉस्कोकडे अधिक झुकलो आणि १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला. कागदावर तेव्हाही आपण अलिप्तच!

२०२२ मध्ये युक्रेनवरून राष्ट्रसंघात आपण तटस्थ राहिलो. कोणी त्यास जुन्या धोरणाचे पुनरागमन म्हणाले. मला ते पटत नाही. या वेळी तेल कोठून घ्यावे, हे आपण आपला लाभ पाहून ठरविले. रणगाड्यांचे मात्र तसे नाही. टी-७२ आणि टी-९० मूळचे रशियन. अर्जुन आपला, त्याचे इंजिन जर्मन.