रक्त देणे आणि रक्त वाचविणे
(वार्षिक सभेतील भाषण)



घरातील वृद्धास धाप लागू लागली, चेहरा फिकट पडला की ‘वय झाले’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मग रक्त चढवावे, काही दिवस तरतरी यावी आणि पुन्हा साताऱ्यास किंवा सांगली-मिरजेस खेप करावी, असा क्रम सुरू होतो. यांपैकी काहींच्या आतड्याच्या अस्तरात नाजूक, विकृत रक्तवाहिन्यांची गुंतवळ झालेली असते. तीतून वेदनेवाचून रक्त झिरपत राहते. या विकारास अँजिओडिस्प्लेशिया म्हणतात. वार्धक्य, मूत्रपिंडाचा जुनाट आजार आणि हृदयाच्या महाधमनीची झडप अरुंद होणे यांच्याशी त्याचा संबंध आढळतो.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय स्थापिले. कृष्णाकाठी शस्त्रक्रियेची परंपरा तेव्हापासूनची आहे. परंतु या विकाराच्या जागा अनेक असतात. दुर्बिणीतून त्या जाळून बंद केल्या तरी पुष्कळदा रक्तस्राव पुन्हा होतो. अशा वेळी औषधांचा आधार घ्यावा लागतो.

ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन आतड्याकडील रक्तप्रवाह कमी करते. नेदरलँड्समध्ये ६२ रुग्णांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते दर २८ दिवसांनी वर्षभर दिले गेले. वर्षात रक्त व लोह चढविण्याची सरासरी गरज नेहमीच्या उपचारात २१.२ वेळा, तर इंजेक्शन घेणाऱ्यांत ११ वेळा भासली. थॅलिडोमाइड नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते. चीनमधील १५० रुग्णांच्या, २०२३ च्या अभ्यासात चार महिने रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ६८.६ टक्के रुग्णांचे रक्तस्रावाचे प्रसंग पुढील वर्षात निम्म्याने वा अधिक घटले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. मात्र याच औषधाने १९६० च्या सुमारास जगभर हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. म्हणून गर्भवतीस ते सर्वथा वर्ज्य आहे. हातापायांना मुंग्या, गुंगी व बद्धकोष्ठ यांवरही लक्ष ठेवावे लागते.

नातेवाइकांस विनंती, की काळी, डांबरासारखी शौचास झाल्यास विलंब करू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून तपासणीनेच निर्णय घ्यावा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. हृदयरोगासाठी दिलेल्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंदही करू नयेत.

देणगीदारहो, ही औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि खर्च कुटुंबास पेलत नाही म्हणून उपचार अर्ध्यावर सुटतो. रक्तही फार दिवस साठविता येत नाही. तांबड्या पेशी अधिकाधिक ४२ दिवस टिकतात. म्हणून रक्तदान वर्षभर हवे, तसेच औषधास साहाय्यही हवे. औषधाने वाचलेली प्रत्येक पिशवी एखाद्या प्रसूत मातेच्या कामी येऊ शकते. या दोन्ही कार्यांस आपला हातभार लाभावा, ही नम्र प्रार्थना.